साडेसहा अँपिअरची आंघोळ

"आई, तो हीटर लावू नका हं!" ऋजुता न्हाणीघराच्या दारात आडवी उभी राहिली. सासूबाईंच्या मांडीवर तेल चोपडलेलं तीन महिन्यांचं बाळ पाय झाडत होतं.

नव्या हीटरवर साडेसहा अँपिअर लिहिलेलं तिनं आत्ताच वाचलं होतं, आणि भिंतीतला प्लग सहाचा. कॅलेंडरवरच्या आजच्या चौकोनात तिनं पेन्सिलीनं आकडे मांडले. दोनशे तीस व्होल्ट गुणिले साडेसहा, म्हणजे जवळजवळ दीड हजार वॅट. राहवेना म्हणून भागाकार करून रेझिस्टन्सही काढला, पस्तीस ओहम.

"झालं का गं गणित? तेल सुकलं पोराच्या अंगावरचं."

"या प्लगवर नकोच, आई. वायर तापून जळेल, तीही बाळाजवळ!"

"बरं बाई, नाही लावत. पण ते दोनशे तीस व्होल्ट आणलेस कुठून?"

"घरात तेवढेच येतात ना!"

"अगं, आज शुक्रवार. दर आठवड्यासारखी सकाळीच लाइट गेलीय, ती चारला येईल."

ऋजुतानं वर पाहिलं. पंखा गप्प होता.

सासूबाईंनी पाण्याची बादली पुढे सरकवली. "गॅसवर तापवलंय, विसण घातलंय. कोपर बुडवून बघ, का त्यालाही सूत्र आहे?"

तिनं कोपर बुडवलं. मग खात्रीसाठी दुसरंही.