मिनिटाला तीस

फुगा दाबायचा, सोडायचा, मनात दोन म्हणायचं, पुन्हा दाबायचा. मिनिटाला तीस वेळा. देवकीच्या समोर सहा महिन्यांच्या आयुषची छाती वर येत होती, खाली जात होती.

"आई, तोंडाकडे नका बघू. छाती उचलते का, तेवढं बघा," मयुरा सिस्टर जाता जाता म्हणाली. ती रात्री आठला ड्यूटीवर आली होती. वॉर्डात बावीस खाटा, एकोणचाळीस मुलं आणि ती एकटी. नावं लक्षात ठेवायला वेळ नव्हता. सगळ्या बाया तिच्यासाठी आई, सगळे म्हातारे आजोबा.

काचेच्या दारापलीकडे चार व्हेंटिलेटर होते, चारही लागलेले. तिथे नातेवाइकांना सोडत नसत. ज्या मुलाला मशीन मिळालं नाही, त्याला बाहेर कोणीतरी हाताने श्वास द्यायचा.

"दे वं पोरी माह्याजवळ," आयुषचे आजोबा चंपतराव म्हणाले. "याची माय सोनिका चक्कर येऊन पडली, खाली सलाईन लागून आहे. आता तू बी पडशील. मी चाळीस वर्षं म्हशी दोहल्या, मले काय होते?"

"आजोबा, म्हैस नाही ती," सिस्टर लांबूनच म्हणाली. "मघाशी केवढ्या जोरात दाबत होतात!"

"पाह्य, मलेच रागावून राहिली," चंपतराव पुटपुटले.

"बसा तुम्ही, बाबाजी. मी करून राहिली ना." देवकीने मान न वळवता विचारलं, "सिस्टर, आत कसं आहे?"

"चारही चालू आहेत."

चंपतरावांचा चेहरा पडला. देवकी फक्त "बरं" म्हणाली.

सव्वादोनला काचेचं दार उघडलं.

"तीन नंबर खाली झालं," सिस्टर म्हणाली. "याला आत घ्या. कागद नंतर."

देवकीचा हात थांबला. दोन, तीन, चार.

"आई, दाबा!"

तिने दाबला. स्ट्रेचरसोबत चालत दारापर्यंत दाबत राहिली. तिथे सिस्टरने फुगा तिच्याकडून घेतला.

"वाचला माहा नातू," चंपतराव दिसेल त्याला सांगू लागले.

थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर आले. तीन वॉर्डांना मिळून ते एकच होते. त्यांच्या हातात एक कागद होता.

"तीन नंबरला ती मुलगी होती ना, काजल," त्यांनी विचारलं. "तिची आई कोण आहे?"

"मी," देवकी म्हणाली.