नाव रुग्णाच्या तोंडून

स्कॅनर खाटेवरच्या आजींच्या मनगटावरच्या पट्टीवर धरताच हिरवा दिवा लागला आणि पडद्यावर नाव उमटलं, सखुबाई गणपत शेळके. नर्सिंग शिकणारी अश्लेषा इंजेक्शन हातात घेऊन तरीही घुटमळली. सुईआधी रुग्णाच्याच तोंडून पूर्ण नाव वदवून घ्यायचं, हा शिकवणाऱ्या मॅडमचा दंडक होता. कॉलेजातला सरावाचा पुतळा बटण दाबलं की घडाघडा नाव सांगायचा.

"सखुबाई शेळके," आजी म्हणाल्या.

"आणि मधलं नाव?"

आजींनी पदर तोंडाला लावला. "अगं बया! धन्याचं नाव असं फटदिशी घेत्यात व्हय?"

दिवा तर हिरवाच होता. टोचून मोकळं व्हावं, की मॅडमना विचारावं? अश्लेषाला काही सुधरेना. "मग उखाण्यात घ्या ना, आजी," ती काकुळतीला आली.

आजी खाकरल्या. "सलाइनच्या बाटलीला लोखंडी हूक, खंडेरावांचं नाव घेते, होऊ नये चूक!"

वॉर्ड खदाखदा हसला. अश्लेषा मात्र पडद्याकडे बघतच राहिली. तिथं गणपत होतं.

दाराजवळच्या खाटेवरून दुसरी म्हातारी ओरडली, "पोरी, सखुबाई शेळके मीबी हाय. आता माझा उखाणा ऐक!"