सातवी चौकट

“ही सातवी चौकट तेवढी बदला, की झालं,” केंद्राचे व्यवस्थापक आबासाहेब म्हणाले.

कोल्हारजवळच्या त्या दूध संकलन केंद्राचं सगळं काम दूध संघाने पाठवलेल्या महेंद्रने लॅपटॉपवर चौकटी-चौकटींनी मांडलं होतं. चौकटीवर टिचकी मारली की यादी उघडायची: माणूस, यंत्र, निर्णय. ‘माणूस’ काढून ‘यंत्र’ निवडलं की चौकटीचा रंग बदलायचा आणि कुणाचं तरी काम जायचं. वर्षभर जिल्हा पालथा घालून महेंद्रने अशा दोनशेवर चौकटी बदलल्या होत्या. आता त्याला या कामाचा वीट आला होता. लोकांच्या तोंडाकडे बघायचं तर त्याने सोडूनच दिलं होतं.

सातव्या चौकटीत लिहिलं होतं, ‘वास घेणे. माणूस: भागूबाई.’ त्याने टिचकी मारली. चौकट हिरवी झाली.

भागूबाई चोवीस वर्षं त्याच ओट्यावर उभी होती. प्रत्येक कॅनवर वाकून वास घ्यायचा आणि ‘घ्या’ किंवा ‘बाजूला’ म्हणायचं, हे तिचं काम. एक आंबलेला कॅन टाकीत गेला तर सगळी टाकी नासते, म्हणून तिच्या शब्दाला मान होता. आता तेच काम करणारं नवं यंत्र आलं होतं. तिच्या निवृत्तीला तीन वर्षं होती आणि घरात दुसरं कमावतं कुणी नव्हतं.

“सायेब, एकडाव माझी परीक्षा घ्या,” ती म्हणाली. “मंग काय करायचं ते करा.”

आबासाहेब हसले, पण तयार झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर दहा कॅन ओळीने मांडले आणि आधी यंत्राने तपासले. आबासाहेबांनी दूधवाल्यांना बाहेर थांबायला सांगितलं, तशी भागूबाई मागे सरली.

“ज्याचं दूध, त्यानंच झाकण उघडायचं. मी दुसऱ्याच्या कॅनला हात लावत न्हाई.”

“आधी सोताच उघडायची की,” वजन करणारा छगन पुटपुटला. “आता लई मान लागतो बाईला.”

महेंद्रला वाद नको होता. त्याने दूधवाल्यांना आत घेतलं.

भागूबाई कॅनवर वाकायची, मग मान वर करून सावकाश काहीतरी विचारायची.

“सोपान, म्हस बरी हाय का?”

“बरी हाय की.”

“घ्या. कानिफनाथ, धार कवा काढली?”

“आज सकाळीच, मावशी.”

“बाजूला.”

यंत्राने तोच कॅन पास केला होता. आबासाहेबांनी त्यातलं वाटीभर दूध शेगडीवर ठेवायला लावलं. ते उकळायच्या आत फाटलं. रात्रीचं दूध त्यात मिसळल्याचं कानिफनाथने खाली बघत कबूल केलं. बाकीच्या नऊ कॅनमधलं दूधही उकळून बघितलं, ते चांगलं निघालं.

आबासाहेबांनी फाटलेल्या दुधाची वाटी बाजूला सारली.

“राहू द्या बाईला,” ते म्हणाले.

महेंद्रने यादी उघडली आणि पुन्हा ‘माणूस’ निवडलं. वर्षभरात असं पहिल्यांदाच घडत होतं. त्याला मनापासून बरं वाटलं. खाली शेऱ्याच्या जागी त्याने कुणी न सांगता लिहिलं, ‘या नाकाला यंत्राचा पर्याय नाही.’

“च्या घिऊनच जावा,” भागूबाई म्हणाली. मागच्या खोलीत तिने गॅसवर दूध ठेवलं आणि त्याच्यासमोर येऊन बसली. दोघंच होते. ती नातीच्या शाळेबद्दल सांगत राहिली, तो ऐकत राहिला. जरा वेळाने त्याने नाकाला रुमाल लावला. तरी ती सांगतच होती.

“मावशी, दूध करपलं.”

तिने वळून पाहिलं. पातेल्यातून धूर निघत होता. लगबगीने उठून तिने गॅस बंद केला, दार लोटलं आणि परत येऊन बसली.

“आता तुमच्यापासनं काय लपवायचं, सायेब,” ती हळूच म्हणाली. “कोरोना झाल्यापासनं मला कसलाच वास येत न्हाई. मी आपली तोंडं बघती.”