एक भांडं दूध, दोन भांडी मका

“तिचं नाव घे, मगच दूध घाल,” डेलू म्हणाली.

कुम्बोने डोक्यावरचा दुधाने भरलेला पोकळ भोपळा उतरवला होता, पण झाकण काढलं नव्हतं. गुराखी बायका रोज गावात दूध आणायच्या आणि मका घेऊन जायच्या. एक भांडं दूध, दोन भांडी मका. यंदा मात्र पेरणीआधीच साऱ्यांच्या कणग्यांनी तळ गाठला होता. मका उरला होता तो एकट्या डेलूकडे. तिकडे वस्तीवर कुम्बोची धाकटी तीन पोरं त्याच मक्याची वाट बघत होती.

“अरे लांब्या, कान इकडे नको, हात चालव!” डेलू लेकावर ओरडली. अंगणात कणसं सोलणारा साबो हसला. थोरल्या लेकराचं नाव आईने तोंडात आणायचं नाही, ही त्या मुलखातली लाज. तिशी उलटली तरी बिचारा लांब्याच राहिला होता.

“दुधात काही खोट आहे का?” कुम्बोने विचारलं.

“दूध चांगलंय गं, जीभ वाईट आहे तुझी. गावातल्या पोरीबाळींना नावानं हाका मारतेस. माझ्या सुनेला तेवढं ‘ए’ आणि ‘अगं तू’. मान वर करून बघतसुद्धा नाहीस. बाळंतीण आहे ती!”

सून लादी तान्ह्याला घेऊन दारात उभी होती. लांबच्या शहरात आत्याने वाढवलेली आणि आत्यानेच उजवलेली पोर. डेलू फटकळ खरी, पण सुनेवर तिचा फार जीव.

“जाऊ द्या ना, सासूबाई,” लादी पुटपुटली.

“तू गप्प. इथं तुझं कुणी नाही म्हणून कुणीही कसंही वागावं? कुम्बो, ‘लादी’ म्हण. नाहीतर उद्यापासून दुसरीचं दूध घेईन.”

कुम्बोने चुंबळ डोक्यावर ठेवली.

“दुसरीचंच घ्या,” ती म्हणाली.

घरात दाणा नाही आणि केवढा हा ताठा! डेलूचं डोकंच फिरलं.

“अरे लांब्या, हिचा भोपळा उचलून दे हिच्या—”

ती मध्येच थांबली. तिने कुम्बोच्या तोंडाकडे पाहिलं, मग सुनेच्या. लादी रडत होती.

डेलूने आपली चटई झटकून सावलीत अंथरली.

“बसा, विहीणबाई.”