विमानतळाचा धडा

फोन आईने नाही, मॅडमनी उचलला. टिकली खुर्चीत ताठ बसली.

आई ज्या परक्या देशात, ज्या घरी बाळ सांभाळायला गेली होती, त्या घरातला ओटा पडद्यावर दिसत होता. मॅडम त्यांच्या भाषेत भरभर बोलल्या, की आई बाळाला अंघोळ घालतेय, नंतर करा. फोन बंद करायला त्यांनी हात पुढे केला.

"थांबा," टिकली त्याच भाषेत म्हणाली. "नमस्कार. मी दहा वर्षांची आहे. मला तुमच्याशी बोलायचं आहे."

मॅडम थबकल्या. इकडे शर्टांना इस्त्री करणारे बाबाही थबकले.

"ही भाषा हिला कुठून आली?" त्यांनी आत्याला विचारलं.

"मोबाइलवर लहान मुलांचे धडे असतात, दादा. गाणी, चित्रं, गोष्टी. फी नाही, काही नाही. मीच शोधून दिले."

"फुकट ते पौष्टिक, होय? आणि शिकून करणार काय? त्या घरात आईच्या जोडीला दुसरी मोलकरीण?"

आत्या दवाखान्यात नाव नोंदवायच्या खिडकीवर बसायची. शाळा सुटली की टिकली तिचा फोन घेऊन तिथल्या बाकावर बसे. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटे, पोर गेम खेळतेय. पोर रंग म्हणत असे, भाज्या म्हणत असे. उच्चार चुकला की पडद्यावरचं कासव मान आत ओढून घेई, मग ती पुन्हा म्हणे. रंग, प्राणी, हॉटेलातलं बोलणं तिने भराभरा उरकलं. विमानतळाच्या धड्याशी मात्र अडून बसली. तोंडपाठ झाला तरी पुढे जाईना.

मॅडम हरखल्या होत्या. फोन डब्याला टेकवून त्या समोर स्टुलावर बसल्या. "अगं, किती गोड बोलतेस! कुठल्या शाळेत शिकलीस?"

"शाळेत नाही. फोनवर. फुकट."

"फुकट!" मॅडम खळखळून हसल्या. "आणखी बोल ना. रंग येतात? प्राणी येतात?"

टिकली फोनजवळ सरकली. "माझ्या आईचा पासपोर्ट कुठे आहे?"

"काय?"

"आईचा पासपोर्ट. तो तिच्या बॅगेत नाही. तो तुमच्या कपाटात आहे. कृपया पासपोर्ट द्या. तिच्या विमानाला उशीर झाला आहे. खूप उशीर झाला आहे."

मॅडमचं हसू अर्धवट तसंच राहिलं.

बाबांना त्यातला एकच शब्द कळला. पासपोर्ट सगळीकडे पासपोर्टच असतो. त्यांनी इस्त्री खाडकन उभी केली. "टिकले, काय बोलतेस तू? ठेव तो फोन! तिची नोकरी घालवशील!"

"बोलू दे तिला." आत्याने त्यांचा दंड धरला. "आपण दोघं एवढे मोठे, आपल्या तोंडून निघालं का कधी?"

आईची रजा आधी बाळाच्या दातांपायी लांबणीवर पडली, मग घर बदलायचं निघालं म्हणून, मग मॅडमना नवी नोकरी लागली म्हणून. 'पुढच्या महिन्यात नक्की' हे दर वेळी आईच हसून सांगायची. पासपोर्ट मॅडमच्या कपाटात कुलपात असतो, हेही एकदा तिच्याच तोंडून निसटलं होतं.

एवढ्यात आई आली. हातात टॉवेलात गुंडाळलेलं बाळ.

"तुझी मुलगी आमची भाषा बोलते," मॅडम म्हणाल्या. "पासपोर्टचं काहीतरी म्हणतेय. काय म्हणायचंय तिला?"

आईचा चेहरा क्षणभर उतरला. मग ती त्यांच्या भाषेत म्हणाली, "काही नाही, मॅडम. शाळेतला धडा म्हणून दाखवत असेल. खेळ आहे तो. मनावर घेऊ नका. चुकलं तिचं."

आजवर आई तिकडे काय बोलते ते टिकलीला कळत नसे, मऊ आवाज तेवढा ऐकू येई. आज शब्दन्‌शब्द कळला आणि तिची कानशिलं तापली.

"खोटं!" ती मराठीत ओरडली. "मी धडा म्हणत नाहीये! आणि माझं काय चुकलं? कपाटाला कुलूप तिने लावायचं, आणि माफी तू मागायची?"

आई पडद्याकडे बघत राहिली. लेकीचं तोंड लालबुंद झालं होतं, नाक वाहत होतं, पुसायचं भान नव्हतं.

"तुला कळलं, मी काय म्हणाले ते?"

"सगळं कळलं."

मॅडम एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होत्या. बाबांनी इस्त्रीचं बटण बंद केलं.

आई मॅडमकडे वळली. "ती विचारतेय, माझा पासपोर्ट कुठे आहे." या खेपेला 'मॅडम' हा शब्द तिच्या तोंडून आला नाही. "मीही विचारतेय."

"आत्ता?" मॅडम उठल्या. "लहान मुलीच्या बोलण्यावर काय जातेस! साहेब संध्याकाळी येतील, मग बघू. आणि बाळाला आधी कपडे घाल, सर्दी होईल."

"तुम्ही घाला."

आईने बाळ मॅडमच्या हातात दिलं. सवय नसल्यामुळे मॅडमना ते दोन्ही हातांनी छातीशी कवटाळावं लागलं. आईने स्वतःचे ओले हात अंगावरच्या कपड्यांना पुसले. मग उजवा तळहात वर करून पुढे धरला, आणि तो तसाच धरून उभी राहिली.