आजोबांच्या विटा

हॅलिफॅक्समधल्या त्या ओळीत सगळी घरं एकमेकांना चिकटलेली. एडविनचं विटांचं जुनं धुराडं शेजारच्या डोराच्या धुराड्याला पाठ टेकून उभं होतं.

"काका, मधल्या विटांचा चुना पार झडलाय. आतून स्टीलचा पाइप घालावा लागणार, लायनर," धुराडं साफ करायला आलेला क्रेग भिंतीतल्या शेगडीतून काळंकुट्ट तोंड बाहेर काढत म्हणाला. "नाहीतर तुमचा धूर शेजारी जायचा."

"काहीतरीच! माझ्या आजोबांनी रचलेल्या विटा आहेत त्या," एडविन उखडला. मग त्याने टेबलावरचा आल्याच्या केकचा तुकडा उचलला आणि शेगडीच्या कडेवर ठकठक आपटला. केक डोराने दिलेला, दर रविवारी देते तसा. आताच फाटकाशी तो तिला "काय मऊ झालाय!" म्हणून आला होता.

"हे बघ, विटा कशा, तर डोराच्या या केकसारख्या! इतकी वर्षं खातोय, अजून तोंडात दात आहेत हेच नशीब."

"अरे, हळू बोल," बायको मॉरीन कुजबुजली. "ऐकेल ना ती!"

"त्या भिंतीतून? तिला एक अक्षर जरी ऐकू गेलं ना, तर आजच लायनर घालतो!"

 

"नको रे बाबा, लायनर नको!" शेगडीतून डोराचा आवाज आला. "तुझी ही बडबड ऐकायलाच तर केक मुद्दाम कडक भाजते मी!"