नवरदेवाचा आराखडा

"काका, पाणी सगळं प्यायलात ना?" एव्हांथियाने विचारलं.

"एवढं प्यायलोय पोरी, की चाललो तर आत डुचमळतंय. आटप लवकर."

स्कॅन झाला. अर्गिरिसकाका तडक संडासाकडे पळाले आणि परत आले ते थेट एव्हांथियाच्या खुर्चीशी. ग्रीसमधल्या पात्रासच्या त्या रुग्णालयात किरणोपचाराचे आराखडे तीच करायची.

"मी लग्न करतोय," ते हळूच म्हणाले. "प्रोस्टेटचा कॅन्सर जाईल, असं डॉक्टर म्हणतात. पण नवरा म्हणून माझं काही शिल्लक राहील ना?"

सत्तरी ओलांडलेला माणूस कानापर्यंत लाल झाला होता. एव्हांथियाला हसू आलं आणि त्याहून जास्त मायाच वाटली.

"नवरीबाई काय म्हणतात?"

"तिला सगळं ठाऊक आहे. ती भिते फक्त मुलीला. मुलगी शिकलेली, कडक. घर डोक्यावर घेईल म्हणे."

"कमाल आहे! आईच्या सुखात ही कशाला तोंड घालते? माझ्यासमोर आणा, चांगली हजेरी घेते तिची."

"बघू," म्हणत काका बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

डॉ. फोटिस यांनी स्कॅनवर ग्रंथी रेखून दिली. मूत्राशय, गुदाशय आणि ग्रंथीखालचा, पुरुषत्व ज्यावर टिकतं तो नाजूक कंद एव्हांथियाने रेखला. कॉम्प्युटरने किरणांच्या दिशा जुळवल्या. किरणांचा मारा मर्यादेत असल्याच्या सगळ्या खुणा हिरव्या झाल्या.

"पास आहे की," फोटिस म्हणाले. "सही करतो."

"थांबा हो. कंदावर अजून जास्त मारा पडतोय. माणसाचं लग्न ठरलंय."

तिने कंदाची मर्यादा आवळली, तर ग्रंथीवरचा मारा अपुरा पडू लागला. जरा सैल केली, तर मूत्राशयाची खूण लाल. तेवढ्यात आईचा फोन आला.

"जेवण झाकून ठेवलंय गं. मी चर्चमधल्या बायकांकडे जातेय."

"जा, जा." बाबा गेल्यापासून चर्च आणि स्वयंपाकघर, एवढंच आईचं जग. एव्हांथियाला नेहमीसारखी तिची कीव आली. मग ती पुन्हा पडद्याकडे वळली.

अखेर जमलं. ग्रंथीवर पुरेपूर, कंदावर जेमतेम. तिने आनंदाने टेबलावर थाप मारली.

फोटिस यांनी तो आराखडा दोनदा पाहिला. "हा आराखडा नव्हे बाई, लग्नाचा आहेर आहे," म्हणत त्यांनी सही केली.

उपचार संपले त्या दिवशी काका नवा कोट घालून आले. कुणी न विचारताच त्यांनी डोळा मिचकावला. "सगळं ठीक आहे, पोरी. देव तुझं भलं करो. पण नवरीबाई बाहेरच थांबल्यात. आत यायला घाबरतात."

"मला काय घाबरायचं?" एव्हांथिया हसतच उठली आणि तिने स्वतः दार उघडलं.

दारात ओठ रंगवून, हातात मिठाईचा डबा धरून तिची आई उभी होती.